वेगळे, पण कशापासून?

आमच्या शेजारच्या वहिनी दरवर्षी दिवाळीच्या आधी शेंगाचटणी कुटायला घेतात. धारवाडातल्या ओळखीच्या घरांत आणि हुबळीच्या दोन-तीन दुकानांत ती जाते. गेल्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच डब्यांवर छापील लेबल लावायचं ठरवलं. मजकूर मुलाने संगणकावर करून दिला होता, तो तपासून घ्यायला त्या कागद घेऊन माझ्याकडे आल्या. माझा उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेला. त्यामुळे गल्लीतले नोकरीचे अर्ज, मुलांची शिफारसपत्रं, परदेशी विद्यापीठांना पाठवायचे निबंध असं सगळं माझ्या टेबलावरून जातं, आणि मला ते मनापासून आवडतं.

कागदावर चटणीच्या नावाखाली इंग्रजीत ‘डिस्टिंक्ट टेस्ट’ असं छापलं होतं. ‘डिस्टिंक्ट’वर पेन्सिलीने काट मारून कुणीतरी ‘डिस्टिंक्टिव्ह’ लिहिलं होतं, आणि त्यावरही काट मारून ‘युनिक’.

“सर, यातलं बरोबर कुठलं?” वहिनींनी विचारलं.

“ते सांगतो, पण आधी तुम्ही सांगा. चव वेगळी म्हणताय, ती कशापासून वेगळी?”

वहिनी थांबल्या. “म्हणजे... वेगळी आहे. खाणारे सगळेच म्हणतात.”

इथेच बहुतेकांची गाडी अडते. अडचण व्याकरणाची वाटते, पण ती व्याकरणाच्या आधी सुरू झालेली असते. आपल्या हुबळी-धारवाडातल्या मराठी माणसाचा दिवस घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि कागदावर इंग्रजी असा जातो. वेगळेपणा सांगणारे शब्द तिन्ही भाषांत आहेत, ते एकमेकांसारखे दिसतात, आणि नेमके तिथेच फसवतात. म्हणून आज एकाच इंग्रजी विशेषणाबद्दल जरा निवांतपणे लिहितो. ते विशेषण म्हणजे ‘डिस्टिंक्टिव्ह’. त्याची दोन सख्खी भावंडंही सोबत येतीलच.

भावंडं ओळखायला आपल्याला लांब जायला नको. हुबळी-धारवाडच्या गाण्यातच ती तिन्ही भेटतात. किराणा आणि जयपूर-अत्रौली ही दोन घराणी घ्या. किराण्यात सुराला सूर लावत सावकाश बढत होते. जयपूरची गायकी लयीच्या अंगाने पेचदार जाते आणि अनवट, जोड रागांत रमते. ही दोन घराणी ‘डिस्टिंक्ट’ आहेत, म्हणजे एकमेकांपासून निराळी आहेत. आता हुबळीच्या गंगूबाई हनगल. कुंदगोळच्या सवाई गंधर्वांकडे त्या शिकल्या. तरुणपणीच्या ध्वनिमुद्रिकांत त्यांचा आवाज बारीक, वरच्या पट्टीतला आहे. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तो भरदार, खर्जाकडे झुकणारा झाला. रेडिओ मध्येच लावला तरी अर्ध्या मिनिटात माणूस म्हणेल, गंगूबाई! तो आवाज ‘डिस्टिंक्टिव्ह’, म्हणजे ज्याच्यावरून ओळख पटते असा. आणि धारवाडजवळच्या मन्सूर गावचे मल्लिकार्जुन मन्सूर, ज्यांना १९९२ साली पद्मविभूषण मिळालं, ते ‘डिस्टिंग्विश्ड’ गायक, म्हणजे कर्तृत्वामुळे लोकांनी मानाने वेगळ्या पाटावर बसवलेले.

एक शब्द नुसतं वेगळं असणं सांगतो, दुसरा वेगळेपण देणारी खूण सांगतो, तिसरा मान सांगतो. लक्षात ठेवायला शब्दाची शेपटी उपयोगी पडते. ‘ॲट्रॅक्टिव्ह’ म्हणजे ओढून घेणारं, ‘प्रॉडक्टिव्ह’ म्हणजे उत्पन्न देणारं, तसं ‘डिस्टिंक्टिव्ह’ म्हणजे वेगळेपण देणारं. शेवटच्या ‘इव्ह’मध्ये काहीतरी करण्याची ताकद आहे. म्हणून हे विशेषण बहुधा आवाज, चाल, वास, रंग, नक्षी, लेखनशैली अशा ओळख पटवणाऱ्या गोष्टींना लागतं. गंगूबाईंना स्वतःला ‘डिस्टिंग्विश्ड’ म्हणायचं आणि त्यांच्या आवाजाला ‘डिस्टिंक्टिव्ह’. उलट केलं तर वाक्य चुकतंच, शिवाय मानही कमी पडतो. एका निरोप समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेत प्रमुख पाहुण्यांना ‘डिस्टिंक्टिव्ह गेस्ट’ छापलेलं मी पाहिलं आहे. त्याचा अर्थ होतो, दुरून ओळखू येणारा पाहुणा.

मानाचा मुद्दा आला आहे तर हेही सांगतो. ‘डिस्टिंक्टिव्ह’ ही स्तुती नाही. हसणं कर्कश असलं तरी ते ‘डिस्टिंक्टिव्ह’ असू शकतं. शिफारसपत्रात ‘ही हॅज अ डिस्टिंक्टिव्ह पर्सनॅलिटी’ एवढंच लिहून सोडलं, तर वाचणाऱ्याला मुलगा चांगला की विक्षिप्त ते कळत नाही. खूण काय आहे ते पुढच्याच वाक्यात आलं पाहिजे.

‘डिस्टिंक्ट’चा आणखी एक अर्थ आहे, ठळक किंवा स्पष्ट जाणवणारा. दोन्ही शब्दांतला फरक मला स्वयंपाकघरात सगळ्यात चांगला दाखवता येतो. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळतात. तो वास ‘डिस्टिंक्टिव्ह’ आहे, कारण फोडणीचा, जळक्या दुधाचा किंवा रॉकेलचा वास आणि हा वास यांत गल्लत होत नाही. दार उघडताच तो भपकन नाकात शिरला तर तो ‘डिस्टिंक्ट’ही आहे. झाकण नीट न लागल्याने अगदी पुसट आला तर ‘डिस्टिंक्ट’ नाही, पण ‘डिस्टिंक्टिव्ह’ आहेच. पुसट असूनही आपण धावत जाऊन खिडक्या उघडतो, ते त्या दुसऱ्या गुणामुळे.

आता वहिनींना विचारलेल्या प्रश्नाकडे येऊ. इंग्रजीत ‘निराळं’ या अर्थी ‘डिस्टिंक्ट’ आला की त्यानंतर बहुधा ‘फ्रॉम’ येतो आणि कशापासून वेगळं ते सांगावं लागतं. ‘डिस्टिंक्टिव्ह’नंतर तो ‘फ्रॉम’ येत नाही. तो गळाला की लिहिणाऱ्याला वाटतं, आता तुलनेची जबाबदारीही गेली. ती जात नाही. ‘डिस्टिंक्टिव्ह’ लिहिलं की वाचकाच्या मनात ‘कशापासून?’ उभं राहतंच. उत्तर तयार नसेल तर शब्द लिहू नये.

उत्तर काढायची रीत आपल्याच भाषेत दडलेली आहे. ‘विशेष’ आणि ‘विशिष्ट’ हे दोन्ही शब्द ‘शिष्’ धातूपासून आले, आणि ‘शिष्’ म्हणजे उरणं. ‘शेष’ही त्याच घरातला. तेव्हा विशेष म्हणजे वजाबाकीनंतर उरलेलं. शेजारच्या वस्तूंमध्येही जे आहे ते सगळं वजा करायचं आणि हातात काय राहतं ते पाहायचं. जुन्या नैयायिकांनी ही वजाबाकी फार बारकाईने बांधून ठेवली आहे. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’च्या वाटेने गेलेल्या कुणालाही लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष माहीत असतात. गाय म्हणजे शिंगं असलेला प्राणी असं म्हटलं तर म्हैसही आत येते; ही अतिव्याप्ती. तांबूस रंगाचा प्राणी म्हटलं तर पांढऱ्या गाई बाहेर राहतात, ही अव्याप्ती. एका खुराचा प्राणी म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. गळ्याखाली कातडीची पोळी लोंबते तो प्राणी म्हटलं की गाय आणि फक्त गाय हाती लागते. इंग्रजीत ‘डिस्टिंक्टिव्ह फीचर’ म्हणतात ते हेच.

ही कसोटी आपल्या पेढ्याला लावून पाहू. धारवाडी पेढ्याबद्दल बाहेरच्या माणसाला इंग्रजीत चार ओळी लिहायची वेळ आपल्या प्रत्येकावर कधी ना कधी येते. पहिलं वाक्य हमखास असं असतं की या पेढ्याचा ‘डिस्टिंक्टिव्ह’ तपकिरी रंग. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे पटतं, कारण त्याच्या डोळ्यासमोर पिवळसर केशरी पेढा असतो. पण साताऱ्याच्या माणसाला कसं पटणार? त्याचा कंदी पेढाही खमंग भाजलेला आणि तपकिरीच. मथुरेचा पेढाही तपकिरी आणि साखरेत घोळलेला. म्हणजे रंग ही अतिव्याप्ती झाली. ‘दुधाचा आणि साखरेचा’ म्हटलं तर जगातले सगळेच पेढे आत आले. ‘धारवाडच्या लाइन बाजारातला’ म्हटलं तर अव्याप्ती, कारण आता धारवाडी पेढा गावात आणि गावाबाहेर किती तरी दुकानांत मिळतो.

मग उरतं काय? मला विचाराल तर एकच गुण उरत नाही, गुणांची जोडणी उरते. खवा साखरेबरोबर मंद आचेवर खूप वेळ परतल्याने येणारा जवळजवळ करपण्याच्या काठावर थांबलेला वास, दाताखाली लागणारी रवाळ चरचर, वरचा साखरेचा थर, आणि या सगळ्यामागे या गावाचं नाव. सुटे गुण दुसरीकडे सापडतील, पण अशी जोडणी इथेच. इंग्रजीत ‘डिस्टिंक्टिव्ह कॉम्बिनेशन’ म्हणायची सोय आहे, आणि खाण्याच्या पदार्थांबद्दल लिहिताना ती बहुतेक वेळा जास्त खरी असते. उन्नावहून इथे आलेल्या ठाकूर कुटुंबाने हा पेढा रुजवला ही हकीकत तर गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तीही लिहावी. कारण लोकांनी वर्षानुवर्षं ‘धारवाडचा पेढा’ म्हणून मागितलं, हाही ओळखीचाच भाग झाला. धारवाड पेढ्याला भौगोलिक मानांकन आहे. या मानांकनाच्या कायद्यात मालाचा दर्जा, त्याचा लौकिक किंवा दुसरा एखादा गुण त्या ठिकाणाशी मुख्यत्वे जोडलेला असावा अशी अट आहे. लौकिक हा शब्द तिथे गुणाच्या बरोबरीने बसवला आहे, हे मला फार योग्य वाटतं.

कसुतीचं उदाहरण याहून सोपं आहे, कारण तिथे खूण हातात धरून दाखवता येते. इरकल लुगड्यावरचं हे धारवाडी भरतकाम चार टाक्यांत होतं: गवंती, मुरगी, नेयगे आणि मेंथी. नक्षीत गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन येतं. पण गोपुर आणि वृंदावन दुसऱ्या भरतकामातही असू शकतं. गवंती आणि मुरगीत मात्र धाग्याला गाठ मारत नाहीत आणि टाका परतून असा भरतात की कापड उलटलं तरी नक्षी तीच दिसते. ‘डिस्टिंक्टिव्ह’ लिहायचं ते या उलट-सुलट सारखेपणाला. नुसतं ‘ब्यूटिफुल अँड डिस्टिंक्टिव्ह एम्ब्रॉयडरी’ लिहिणाऱ्याने कापड उलटून पाहिलेलंच नसतं.

आणि काही ठिकाणी वेगळेपण नसणं हाच गुण असतो. हुबळीत बेंगेरीला खादीचा राष्ट्रध्वज तयार होतो. ध्वजाची लांबी-रुंदी ३:२ याच प्रमाणात हवी, मापं ठरावीक नऊ, रंग आणि चक्रही नियमात बसणारं. तिथला ध्वज ‘डिस्टिंक्टिव्ह’ आहे असं कौतुकाने लिहिलं, तर वाचणारा विचारेल, म्हणजे नियमापेक्षा वेगळा आहे का? तिथे अचूकपणाची स्तुती करावी.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. भाषाशास्त्रात ‘डिस्टिंक्टिव्ह’ला एक नेमका अर्थ आहे, आणि तो समजला की हा शब्द पुन्हा चुकत नाही. रोमन याकोब्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला ध्वनींच्या भेदक, म्हणजेच ‘डिस्टिंक्टिव्ह’, गुणांची कल्पना मांडली. ती अशी की दोन ध्वनींत फरक असणं पुरेसं नाही, त्या फरकाने शब्दाचा अर्थ बदलला पाहिजे. मराठीत ‘पळ’ आणि ‘फळ’ यांत फरक फक्त श्वासाच्या झोताचा आहे, आणि अर्थ पार बदलतो. हाच झोत इंग्रजीतही आहे. टाचणीला इंग्रज ‘पिन’ म्हणतो तेव्हा ‘प’बरोबर फुंकर येते, ‘स्पिन’ म्हणतो तेव्हा येत नाही. तोंडासमोर तळहात धरून बघा. पण इंग्रजीत ती फुंकर असो वा नसो, शब्द बदलत नाही. फरक दोन्ही भाषांत आहे, भेदक मात्र तो मराठीतच आहे.

आपल्या गावाला हे समजायला ‘ळ’ पुरतो. मराठीत ‘काल’ आणि ‘काळ’. कन्नडमध्ये ‘हालु’ म्हणजे दूध, आणि ‘हाळु’ म्हणजे नासलेलं, वाया गेलेलं. दूधवाल्याशी बोलताना जीभ किती मागे वळते यावर दूध चांगलं की नासकं ते ठरतं! इंग्रजीत ‘ळ’ भेदक नाही, म्हणून तिने हुबळीचं नाव ‘हुब्ली’ करून टाकलं. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी इंग्रजी नाव ‘हुब्बळ्ळी’च्या जवळ आणलं गेलं, पण रोमन लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ला अक्षर एकच, त्यामुळे जीभ कुठे वळवायची ते अजूनही लिहिण्यातून कळत नाही. आपण मराठीत ‘हुबळी’ लिहितो त्यात कन्नडचं द्वित्त नाही, पण ‘ळ’ शाबूत आहे.

इथून एक व्यवहारी नियम निघतो. कुठल्याही फरकाला ‘डिस्टिंक्टिव्ह’ म्हणण्याआधी तो फरक काढून टाकून पाहावा. त्याच्याशिवाय वस्तू ओळखू आली, तर तो फरक भेदक नव्हता. गंगूबाईंच्या गाण्यातून एखादी चीज काढली तरी गंगूबाई ओळखू येतात, आवाज काढला की येत नाहीत.

‘युनिक’बद्दल थोडक्यात. त्याचा अर्थ एकमेव. एकमेवपणाला कमी-जास्त नसतं, म्हणून ‘व्हेरी युनिक’ जाणकाराच्या कानाला खटकतं. ‘व्हेरी डिस्टिंक्टिव्ह’ आणि ‘मोस्ट डिस्टिंक्टिव्ह’ मात्र बिनदिक्कत चालतं. शिवाय ‘युनिक’ म्हणणं म्हणजे जगभर पाहून आल्याचा दावा करणं. तो दावा मोजून सिद्ध होत असेल तर विशेषणाऐवजी आकडाच द्यावा. हुबळी स्थानकाचा फलाट १,५०७ मीटर लांबीचा आहे आणि मार्च २०२३ मध्ये तो खुला झाला तेव्हा जगात सर्वांत लांब ठरला. त्याआधी हा मान गोरखपूरच्या १,३६६ मीटरच्या फलाटाकडे होता. हे लिहिल्यावर ‘युनिक’ कशाला हवं?

‘पिक्युलिअर’पासून मात्र जपून राहा. आपल्याकडे जुन्या पिढीच्या इंग्रजीत तो शब्द ‘वैशिष्ट्यपूर्ण’ या अर्थाने सर्रास येतो. ‘पिक्युलिअर टू धारवाड’, म्हणजे धारवाडपुरतंच असलेलं, इथपर्यंत ठीक. पण ‘टू’ गेला की आजच्या वाचकाला तो ‘विचित्र’ असा लागतो. चटणीच्या डब्यावर ‘पिक्युलिअर टेस्ट’ छापलं तर गिऱ्हाईक वास घेऊन डबा परत ठेवेल. ‘टिपिकल’ची दिशा उलटी आहे. तो शब्द त्या गटात बहुतेकांमध्ये जे आढळतं ते सांगतो, आणि ‘डिस्टिंक्टिव्ह’ दुसऱ्या गटात जे आढळत नाही ते. धारवाडी जेवणात ज्वारीची भाकरी ‘टिपिकल’ आहे, ‘डिस्टिंक्टिव्ह’ नाही, कारण सोलापूर, विजापूर, कलबुर्गी सगळीकडे ती आहे. ‘कॅरॅक्टरिस्टिक’ मध्ये कुठेतरी बसतो: ज्याच्या स्वभावातच आहे असा. अडलात तर तो घ्या, फारसा धोका नाही.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पासपोर्टच्या अर्जात ‘व्हिजिबल डिस्टिंग्विशिंग मार्क’ असा एक रकाना असतो. तिथे ‘डिस्टिंग्विशिंग’ म्हणजे वेगळं ओळखायला लावणारी, प्रत्यक्ष दिसणारी खूण: डाव्या गालावर तीळ, उजव्या कपाळावर व्रण. एका मुलाने तिथे ‘फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन’ लिहून आणलं होतं. त्याची चूक समजण्यासारखी होती, कारण गुणपत्रिकेतलं ‘डिस्टिंक्शन’ याच कुळातलं. महाराष्ट्रातल्या दहावीच्या गुणपत्रिकेत त्याला ‘विशेष प्रावीण्य’ म्हणतात, आणि त्यातही आपला ‘विशेष’ आहेच. मी त्याला एवढंच म्हणालो, “बाळा, गुण कपाळावर दिसत नाहीत.” त्याने हनुवटीवरचा व्रण लिहिला.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना निबंधात हा शब्द फार लागतो. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत आणि कथा मराठीत लिहीत. त्यांच्यावर इंग्रजीत लिहिताना मुलं ‘डिस्टिंक्टिव्ह स्टाइल’ म्हणून मोकळी होतात. मी तिथे लाल शाईने एकच शब्द लिहायचो: कशी? मग एखादी मुलगी ‘काजळमाया’ पुन्हा उघडून बसायची आणि नियतीपुढे हतबल झालेली माणसं, दृष्टान्तासारख्या रचलेल्या कथा, दाट प्रतिमा असं काहीबाही शोधून आणायची. तेवढं मिळालं की विशेषण ठेवलं काय, काढलं काय. द. रा. बेंद्र्यांच्या घरी मराठी, आणि कविता कन्नड. त्यांच्याबद्दल लिहिताना धारवाडच्या बोलीचा ठेका त्यांनी कवितेत कसा आणला ते दाखवा, ‘डिस्टिंक्टिव्ह’ आपोआप सार्थ होईल.

घरगुती उद्योग करणाऱ्यांसाठी एक कायद्याची बाजूही आहे, आणि ती इथे फार कुणी सांगत नाही. १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्याच्या कलम ९ मध्ये हाच शब्द येतो. ज्या नावात ‘डिस्टिंक्टिव्ह कॅरॅक्टर’ नाही, म्हणजे एकाचा माल दुसऱ्याच्या मालापासून ओळखू आणण्याची क्षमता नाही, त्याची नोंदणी नाकारली जाते. नुसता प्रकार, दर्जा किंवा ठिकाण सांगणारं नावही नाकारलं जातं. ‘खमंग शेंगाचटणी’ हे नाव कितीही छान असलं तरी खमंग म्हणायचा हक्क सगळ्यांनाच आहे. अर्ज करण्याआधीच्या वापराने ते नाव लोकांच्या मनात तुमच्याच मालाशी जोडलं गेलं असेल, तर कायदा तेही मान्य करतो, पण ते सिद्ध करावं लागतं. त्यापेक्षा सुरुवातीलाच मालाशी थेट संबंध नसलेलं नाव निवडणं सोपं. चटणीला आजीचं नाव द्या, वाड्याच्या दारातल्या झाडाचं द्या. चवीचं वर्णन नावाखाली करा. वर्णन करणारा शब्द आणि ओळख पटवणारा शब्द हे दोन वेगळे आहेत, आणि कायद्यातला ‘डिस्टिंक्टिव्ह’ दुसऱ्यालाच म्हणतात.

राहिलं मराठी आणि कन्नड. ‘डिस्टिंक्टिव्ह’ला मराठीत ‘वैशिष्ट्यपूर्ण’ म्हणावं. बोलण्यात ‘आगळं’, ‘खास’, ‘न्यारं’. ‘विशिष्ट’ म्हणताना मात्र थबकावं. मराठीत ‘विशिष्ट वेळी’, ‘विशिष्ट लोकांना’ म्हणतो तेव्हा अर्थ ‘ठरावीक’, ‘अमुक एक’ असा असतो. कन्नडमध्ये त्याच अर्थाला ‘निर्दिष्ट’ म्हणतात, आणि ‘विशिष्ट’ हा शब्द कौतुकाने ‘वैशिष्ट्यपूर्ण’ या अर्थी येतो. त्यामुळे हुबळीच्या दुकानात कन्नड पाटीवर ‘विशिष्ट रुचि’ असेल तर ते आमंत्रण आहे. तीच पाटी जशीच्या तशी मराठीत आणली की ‘विशिष्ट चव’ होते, आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्याला वाटतं, कसली तरी चव येते आहे. भाषांतर करताना शब्द सारखा दिसला की जास्त सावध व्हायचं, हे इथल्या मुलांना मी पहिल्याच तासाला सांगायचो.

वहिनींबरोबर त्या दिवशी आम्ही कागदावर खरोखर वजाबाकी मांडली. शेंगदाणे: सगळ्यांचेच. लसूण, जिरं, मीठ: सगळ्यांचंच. तेल सुटेपर्यंत कुटणं: सोलापूरची चटणीही कुटूनच करतात, ते वजा. बेडगी मिरची, जिचा रंग गडद आणि तिखटपणा बेताचा: या भागात बऱ्याच घरी तीच वापरतात, म्हणून अर्धी वजा. वहिनींचा चेहरा उतरत चालला होता.

“मग आमचं काहीच उरत नाही की, सर.”

“दाणे कुठून आणता?”

“दाणे नाही आणत. शेंगा आणते. सासूबाई टरफलासकट भाजायच्या, खापरावर, वाळूत. मग सोलायच्या. मीही तसंच करते. वेळ जातो, पण दाणा करपत नाही आणि आत थोडा धुरकट वास राहतो.”

मी पेन्सिल त्यांच्या हातात दिली. नवीन लेबलवर इंग्रजीत ‘डिस्टिंक्टिव्ह’ एकदाच आलं, ‘स्मोकी’ या शब्दाच्या आधी, आणि त्याखालच्या ओळीत शेंगा टरफलासकट वाळूत भाजल्याचं. कन्नड ओळीत त्यांनी ‘विशिष्ट रुचि’ ठेवली. मराठी ओळीवर मात्र आमचं बराच वेळ जमेना. ‘वैशिष्ट्यपूर्ण चव’ त्यांना भाषणातलं वाटत होतं, आणि ते बरोबरच होतं. शेवटी त्यांनी स्वतःच लिहिलं: ‘खापरावर भाजलेल्या शेंगांची’.